पोटातली गाठ आणि बुडबुड्यांची सोनोग्राफी

पोट दुखतं म्हणून तालुक्याला सोनोग्राफी केली. मूतखडा निघाला नाही, पण रिपोर्टच्या तळाला एक ओळ आली: 'लिव्हरच्या उजव्या भागात २.८ सेंमीची गाठ, हिमँजिओमा असू शकतो, कॉन्ट्रास्ट सीटी करून खात्री करावी.' घरात त्या ओळीतला एकच शब्द वाचला जातो, 'गाठ'. मग कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यात पेशंटला पंधरा वर्षांपासून शुगर, क्रिएटिनिन २.४, म्हणजे किडनीही कमजोर. सीटीच्या रंगाचं इंजेक्शन द्यावं की नाही, यावर डॉक्टरही दोनदा विचार करतात.

अशा वेळी कामाला येणारी एक तपासणी आहे. तिचं नाव कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी. शिरेतून अतिसूक्ष्म बुडबुडे सोडायचे आणि ते गाठीत कधी शिरतात, कसे पसरतात, कधी निघून जातात हे सोनोग्राफीवर प्रत्यक्ष बघायचं. पुष्कळ लोक हिला 'रंगीत सोनोग्राफी' समजतात. ते चूक आहे. रंगीत सोनोग्राफी म्हणजे डॉपलर. तिच्यात इंजेक्शन नसतं आणि मोठ्या नळ्यांतलं वेगानं वाहणारं रक्तच दिसतं. गाठीच्या आतल्या केसापेक्षा बारीक नळ्यांत रक्त इतकं सावकाश वाहतं की डॉपलरला ते पकडता येत नाही. बुडबुडे तिथवर पोचतात.

शिरेत हवा गेली तर माणूस दगावतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे बुडबुडे म्हटलं की भीती वाटणारच. म्हणून आधी आकडा बघू. सोनोव्ह्यू नावाचं जे औषध यासाठी वापरतात, त्याच्या एका मिलीत सुमारे ८ मायक्रोलीटर वायू असतो. पोटासाठी एका वेळी जास्तीत जास्त २.४ मिली देतात. म्हणजे अंगात जाणारा सगळा वायू साधारण १९ मायक्रोलीटर. पाण्याचा एक थेंब ५० मायक्रोलीटरच्या आसपास भरतो. अर्ध्या थेंबापेक्षाही कमी वायू, आणि तोही कोट्यवधी बुडबुड्यांत वाटलेला. एकेक बुडबुडा सरासरी अडीच मायक्रॉनचा, तर रक्तातली लाल पेशी सात-आठ मायक्रॉनची. जिथून लाल पेशी जाते तिथून हा सहज जातो, कुठं अडकत नाही.

आतला वायू हवा नाही, सल्फर हेक्झाफ्लुओराइड आहे. तो रक्तात फारसा विरघळत नाही, म्हणून बुडबुडा काही मिनिटं टिकतो. साध्या हवेचा असता तर फुफ्फुसापर्यंत जातानाच विरला असता. बाहेरून फॉस्फोलिपिडचं, म्हणजे एका जातीच्या स्निग्ध पदार्थाचं, पातळ कवच असतं. काही मिनिटांनी कवच फुटतं आणि वायू श्वासावाटे बाहेर पडतो. पंधरा मिनिटांत जवळजवळ सगळा गेलेला असतो. किडनीवर त्याचा भार पडत नाही. आयोडीन नसल्यामुळे थायरॉइडवाल्यांना त्याची काळजी नाही. क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबावं लागत नाही, आणि डायलिसिसवरच्या माणसालाही ही तपासणी करता येते. बीड-धाराशिवच्या उन्हाळ्यात अंगातलं बरंच पाणी घामावाटे गेलेला, किडनी आधीच अडचणीत असलेला पेशंट समोर आला, की या गोष्टीचं मोल कळतं.

रक्तात सोडलेले बुडबुडे सोनोग्राफीत चमकतात हे १९६८ मध्ये रेमंड ग्रामियाक आणि प्रवीण शहा या दोघांनी हृदयाची तपासणी करताना नोंदवलं. पण पोटासाठी भरवशाचं औषध यायला बराच काळ जावा लागला. सोनोव्ह्यूला युरोपात २००१ मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत लिव्हरच्या गाठींसाठी तेच औषध वेगळ्या नावानं २०१६ मध्ये मान्य झालं.

मशीनलाही एक युक्ती करावी लागते. आवाजाची लाट मांसावर आदळली की जशी गेली तशीच परत येते. बुडबुडा मात्र दाबानं आकसतो कमी आणि फुगतो जास्त, त्यामुळे त्याच्याकडून येणारा प्रतिध्वनी वेडावाकडा असतो. मशीन एकामागोमाग दोन लाटा सोडतं, दुसरी पहिलीच्या अगदी उलटी. परत आलेल्या दोन्हींची बेरीज केली की मांसाचे प्रतिध्वनी एकमेकांना खोडून टाकतात आणि बुडबुड्यांचे उरतात. पडद्याच्या एका बाजूला नेहमीची सोनोग्राफी दिसते, दुसऱ्या बाजूला फक्त बुडबुडे. इंजेक्शनआधी ही दुसरी बाजू जवळजवळ काळीच हवी. ती आधीच करडी दिसत असेल तर सेटिंग चुकलंय.

यात आवाजाच्या लाटांचा जोर फार कमी ठेवावा लागतो. मशीनवर हा जोर दाखवणारा एमआय नावाचा आकडा असतो, तो ०.१ च्या खाली हवा. नेहमीच्या सोनोग्राफीत तो याच्या कितीतरी पट असतो, आणि तेवढ्या जोरानं बुडबुडे फटाफट फुटतात.

आता लिव्हरची गोष्ट. ही नीट कळली की निम्मी तपासणी कळली.

लिव्हरला दोन वाटांनी रक्त मिळतं. एक धमनी, हृदयाकडून थेट येणारी. तिच्यातून साधारण पाव हिस्सा रक्त येतं. दुसरी पोर्टल व्हेन. ती आतडं, प्लीहा असं फिरून आलेलं पाऊण हिस्सा रक्त आणते. एकाच शेताला विहिरीचाही पाइप आहे आणि कालव्याचंही पाणी आहे, अशी कल्पना करा. मोटार चालू केली की विहिरीचं पाणी लगेच पोचतं, थोडं असतं. कालव्याचं उशिरा येतं, पण आलं की रान भिजवून टाकतं. हाताच्या शिरेत बुडबुडे सोडल्यावर १० ते २० सेकंदांत ते धमनीवाटे लिव्हरमध्ये दिसायला लागतात. ३० ते ४५ सेकंदांपासून पोर्टलचे यायला लागतात आणि सगळं लिव्हर उजळत जातं. दोन मिनिटांनंतरचा काळ शेवटचा टप्पा, तो चार ते सहा मिनिटांपर्यंत चालतो.

लिव्हरचा नेहमीचा कॅन्सर, म्हणजे एचसीसी, मुख्यतः धमनीवर जगतो. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात तो आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा जास्त चमकतो. मग कालव्याचं पाणी आलं की लिव्हर उजळतं आणि गाठ हळूहळू फिकी पडत जाते. या फिकं पडण्याला वॉशआउट म्हणतात. एचसीसीत तो उशिरा येतो, ६० सेकंदांनंतर, कधीकधी तीन-चार मिनिटांनी, आणि हलकासा असतो. दुसऱ्या अवयवातून लिव्हरमध्ये आलेला कॅन्सर असेल तर वॉशआउट लवकर येतो, ६० सेकंदांच्या आत, आणि ठळक असतो. चांदण्यांच्या आभाळात काळी भोकं पडावीत तसं पडद्यावर दिसतं. साध्या सोनोग्राफीत न दिसलेल्या लहान गाठीही शेवटच्या टप्प्यात अशा उघड्या पडतात.

हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुच्छ. त्याचं भरणं वाफ्यासारखं असतं. दारं धरणाऱ्याला हे सांगायची गरज नाही: पाणी आधी कडेनं शिरतं, इथं एक डबकं, तिथं एक डबकं, आणि मग हळूहळू मध्याकडे सरकतं. हिमँजिओमात कडेला असेच चमकणारे ठिपके उमटतात, ते वाढत आत येतात, आणि पाच मिनिटांनीही गाठ लिव्हरइतकीच किंवा त्याहून उजळ राहते. वॉशआउट होत नाही. एफएनएच नावाची आणखी एक निरुपद्रवी गाठ याच्या उलट भरते, मधून बाहेर, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी. आणि चरबी झालेल्या लिव्हरमधला एखादा चरबी नसलेला पट्टा साध्या सोनोग्राफीत हुबेहूब गाठीसारखा दिसतो. बुडबुडे सोडल्यावर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत लिव्हरसारखाच वागतो. म्हणजे गाठ नव्हतीच. घरात महिनाभर चाललेला घोर पाच मिनिटांत संपतो.

पण एक सांगितलंच पाहिजे. तेच चित्र दोन माणसांत दोन अर्थांचं असू शकतं. सिऱ्हॉसिस झालेल्या, म्हणजे लिव्हर कडक आणि गाठाळ झालेल्या, किंवा जुन्या हिपॅटायटिस बीच्या पेशंटमध्ये आधी चमक आणि उशिरा हलका वॉशआउट दिसला, गाठ एक सेंमी किंवा मोठी असली, तर बायोप्सीशिवायही एचसीसीचं निदान धरता येतं. लिव्हर धडधाकट असलेल्या तरुण बाईत नेमकं हेच दिसलं तर तसं धरता येत नाही, तुकडा काढून तपासावाच लागतो. म्हणून रेडिओलॉजिस्टला जुनी कावीळ, दारू, रक्ताची उलटी, पोटात पाणी झालं होतं का, हे सगळं मोकळेपणानं सांगा. दारूचं लपवू नका. इथं त्यावर निदान फिरतं.

सिऱ्हॉसिसमध्येच आणखी एक अवघड प्रश्न येतो: पोर्टल व्हेनमध्ये गुठळी आहे, ती साधी रक्ताची की कॅन्सरच आत वाढलाय? रक्ताच्या गुठळीत एकही बुडबुडा शिरत नाही. कॅन्सरची असेल तर ती धमनीच्या टप्प्यातच चमकते. उपचाराची सगळी दिशा या एका उत्तरावर बदलते, आणि ते उत्तर मिनिटभरात मिळतं.

लिव्हरमध्ये पू होणं आपल्याकडे नवीन नाही. अमिबामुळे होणारा पू दूषित पाण्यातून येतो, आणि दारू पिणाऱ्या पुरुषांत जास्त दिसतो. पहिल्या काही दिवसांत तो पातळ झालेला नसतो, त्यामुळे साध्या सोनोग्राफीत कॅन्सरच्या गाठीसारखा भरीव वाटतो. बुडबुडे सोडल्यावर कडा आणि आतले पडदे उजळतात, मधले कप्पे काळेच राहतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. पू काढायला नळी घातल्यानंतरही हेच औषध कामाला येतं. काही थेंब सलाईनमध्ये मिसळून नळीतूनच सोडले की नळी बरोबर जागी आहे का, सगळे कप्पे एकमेकांना जोडलेत का, पू छातीच्या पोकळीत फुटलाय का, हे कळतं.

किडनीत मुख्य उपयोग दोन. एक, पाण्याची गाठ साधी की संशयाची. आतल्या पडद्यात किंवा भरीव भागात बुडबुडे शिरले तर संशय, नाही शिरले तर ते मांस नव्हे, घट्ट झालेलं पाणी किंवा जुनं रक्त. दोन, किडनीचाच एखादा फुगीर भाग गाठीसारखा दिसतो, तो बुडबुड्यांत बाकी किडनीसारखाच उजळतो आणि विषय मिटतो. मात्र बुडबुडे लघवीत उतरत नाहीत. त्यामुळे लघवीची नळी फाटली आहे का, लघवी पोटात गळते का, हे शिरेतून दिलेल्या औषधानं कळणार नाही. त्याला सीटीच लागतो.

स्वादुपिंडाचा नेहमीचा कॅन्सर आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळपट दिसतो, हार्मोनवाल्या गाठी उलट जास्त चमकतात. स्वादुपिंडाला जोरात सूज आली असेल तर कुठला भाग मेलाय तेही दिसतं, पण तिथं आतड्यातला गॅस फार आडवा येतो. पित्ताशयात चिकटून बसलेला गाळ आणि गाठ यांचा घोळ इथं सुटतो: गाळात बुडबुडा जात नाही. प्लीहा पहिल्या मिनिटभरात पट्ट्यापट्ट्यांची दिसते. तो तिचा स्वभाव आहे, आजार नव्हे. तेव्हाच फोटो काढून 'प्लीहा फाटली' असं लिहिणं ही नवशिक्याची चूक. एकसारखी उजळल्यावरच बघायचं. दुचाकीवरून किंवा झाडावरून पडलेल्या मुलाची नाडी-बीपी स्थिर असेल, तर लिव्हर, प्लीहा, किडनीतली चीर दाखवायला आणि ती भरत आली का हे पुन्हा बघायला ही तपासणी चांगली. दर वेळी सीटीचे किरण द्यावे लागत नाहीत.

खोलीत काय घडतं ते सांगतो. आधी साधी सोनोग्राफी नीट होते, गाठ कुठून सगळ्यांत चांगली दिसते ते ठरतं. डाव्या कोपराच्या आतल्या मोठ्या शिरेत २० नंबरची, गुलाबी सुई लावतात. बाटलीत २५ मिलिग्रॅम पांढरी पावडर असते. त्यात ५ मिली सलाईन घालून २० सेकंद जोरात हलवायचं. एकसारखं दुधासारखं पांढरं झालं पाहिजे, खाली गठ्ठे राहिले तर ती बाटली वापरायची नाही. तयार औषध सहा तास चालतं, पण बुडबुडे हलके असल्यामुळे वर तरंगतात. म्हणून सिरिंजमध्ये घेण्याआधी बाटली पुन्हा हलवायची, आणि भरलेली सिरिंज टेबलावर ठेवून गप्पा मारत बसायचं नाही. सुईला जोडलेल्या तीन तोंडांच्या तोटीवर, म्हणजे कॉकवर, औषधाची सिरिंज सुईच्या सरळ रेषेत लावायची, सलाईनची बाजूच्या तोंडाला. उलटं लावलं तर औषधाला काटकोनात वळावं लागतं आणि बुडबुडे तिथंच फुटतात. बारीक सुईतून जोरात ढकललं तरी तेच होतं. औषधामागून ५ मिली सलाईन, आणि त्याच क्षणी पडद्यावरचं घड्याळ चालू. हे घड्याळ विसरलं तर तपासणी फुकट, कारण सगळा अर्थ सेकंदांत आहे.

पहिली ४५ ते ६० सेकंदं प्रोब, म्हणजे पोटावर टेकवायचा मशीनचा दांडा, गाठीवरून हलवायचा नाही आणि क्लिप सतत रेकॉर्ड करायची. त्यानंतर मात्र सतत बघायचं नाही. दर अर्ध्या मिनिटाला काही सेकंद, पाच मिनिटांपर्यंत. इथंच सगळ्यांत जास्त चुका होतात. एकाच जागी प्रोब धरून बसलं की तिथले बुडबुडे आवाजानंच फुटत जातात, गाठ फिकी दिसते, आणि साध्या हिमँजिओमावर 'वॉशआउट' लिहिला जातो. उलट दोन मिनिटांतच प्रोब उचलला तर एचसीसीचा उशिराचा वॉशआउट निसटतो. औषध जास्त झालं तर वरचा थर इतका चमकतो की खाली सावली पडते आणि खोल गाठ दिसेनाशी होते. नवीन मशीनवर २.४ ऐवजी निम्मं औषधही पुरतं. पुन्हा इंजेक्शन द्यायचं असेल तर आधीचे बुडबुडे जाईपर्यंत दहा-एक मिनिटं थांबायचं.

तपासणीच्या मर्यादाही तेवढ्याच खऱ्या. एका इंजेक्शनमध्ये धमनीचा टप्पा एकाच गाठीचा नीट बघता येतो. पाच गाठी असतील तर पाच इंजेक्शनं देत बसण्यात अर्थ नाही. जी साध्या सोनोग्राफीत दिसतच नाही, तिचा हा टप्पा पकडणं अवघड. फार चरबी झालेलं लिव्हर, जाड पोट, फुगलेलं आतडं, छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या, म्हणजे डायफ्रामच्या, खाली लपलेली गाठ, इथं चित्र कमी पडतं. कॅन्सर ठरला आणि तो कुठं कुठं पसरलाय बघायचं असेल तर सीटीला पर्याय नाही, किडनी सांभाळत तो करावाच लागतो. एकच गाठ, 'ही काय आहे' हा एकच प्रश्न, आणि किडनी नाजूक, तिथं मात्र ही तपासणी आधी विचारात घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

कधी सीटी आणि ही तपासणी यांचे रिपोर्ट जुळत नाहीत. दर वेळी त्यात कुणाची चूक असतेच असं नाही. सीटीचा रंग रक्तवाहिनीतून पाझरून मांसात मुरतो, बुडबुडे वाहिनीच्या बाहेर पडतच नाहीत. त्यामुळे पित्तनलिकेच्या कॅन्सरसारखी गाठ सीटीत उशिरा उजळते आणि बुडबुड्यांत मात्र मिनिटाच्या आत फिकी पडते. दोन्ही बरोबर असतात. दोन्ही रिपोर्ट एकाच डॉक्टरसमोर ठेवावेत.

त्रास कमी होतो. डोकं दुखणं, मळमळ, तोंडाची चव बदलणं, सुईच्या जागी ऊब, हे थोड्या वेळात जातं. गंभीर ॲलर्जी दहा हजारांत एखाद्यालाच होते, पण होऊ शकते. म्हणून खोलीत ॲड्रेनलिन आणि ऑक्सिजन हवा, आणि नंतर अर्धा तास तिथंच बसायचं. गाडी चुकेल म्हणून उठून जाऊ नका. काही गोष्टी आधी सांगायच्या: नुकताच हार्ट ॲटॅक किंवा बसल्या जागी छातीत दुखणं, फुफ्फुसाच्या नळीतला दाब खूप वाढलेला, आधी असं इंजेक्शन सोसलं नाही, गरोदरपण. दुर्बिणीनं आतडं बघण्याआधी जी साफ करायची पावडर पाण्यातून देतात, तिच्यानं अंगावर पित्त उठलं किंवा धाप लागली असेल तर तेही सांगा, कारण तिच्यातला पीईजी हा घटक या औषधातही आहे.

चार ते सहा तास उपाशी या, घोटभर पाणी चालतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी सकाळचा डोस विचारून ठरवावा. 'श्वास भरून धरा' म्हणतील तेव्हा छाती फुगवून ताणू नका, हलका श्वास घ्या, म्हणजे तो पुरतो.

ही सोय प्रत्येक सेंटरवर नसते, म्हणून किनवटहून नांदेडला किंवा भूमहून सोलापूरला निघण्याआधी फोन करा. दोनच प्रश्न विचारा: मशीनमध्ये कॉन्ट्रास्टची सोय आहे का, आणि औषध आज हजर आहे का? एक असून दुसरं नसेल तर फेरा वाया जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात संशयाची गाठ निघाली असेल तर कोयता उचलण्याआधी, दिवाळीच्या आतच ही तपासणी उरकावी. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलं तर ती तारीख ऐन हंगामात येते, तेव्हा फडाच्या जवळ कुठं बघता येईल तेही डॉक्टरांना तेव्हाच विचारून ठेवावं.

रिपोर्टमध्ये तीन आकडे बघा: औषध किती मिली दिलं, गाठ कितव्या सेकंदाला चमकली, कितव्या सेकंदाला फिकी पडली किंवा पडलीच नाही. आणि कागदी फोटोवर भागवू नका. क्लिप पेनड्राइव्हवर मागून घ्या. पुढच्या डॉक्टरला गाठीचा फोटो नको असतो, तिच्यात रक्त कसं आलं आणि कसं गेलं ते बघायचं असतं.